राजीनामा मागू नका : एचआर विभागात काम करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ अर्थात एचआर विभागात काम करणाऱ्या सर्वांना

विषय : कर्मचाऱ्यांकडून राजीनामा लिहून घेण्याची पद्धत बंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

ज्या माणसाला नोकरी सोडायची नाही, त्याच्याकडून ‘मी स्वखुशीने, वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ हे वाक्य लिहून घेणे थांबवा. हे पत्र एवढ्या एकाच विनंतीसाठी आहे. पत्र मालकांना का नाही, सरकारला का नाही, असे कोणी विचारेल. मालक त्या खोलीत क्वचितच असतो आणि सरकार तर कधीच नसते. तिथे तुम्ही असता. कागद तुमच्या हातून पुढे सरकतो, म्हणून पत्र तुम्हाला.

मी कामगार-कर्मचाऱ्यांचे अर्ज, तक्रारी आणि खुलासे लिहून देते. मी वकील नाही. वकिलाकडे जायचे की नाही हे ठरवण्याआधी माणसे माझ्याकडे येतात. त्यांच्यात रीतसर काढून टाकलेले लोक कमी असतात. जास्त असतात ते राजीनामा दिलेले. बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, “ताई, सही तर करून बसलोय, आता काही होईल का?” या प्रश्नाचे उत्तर देताना मला दर वेळी त्रास होतो. कारण होण्यासारखे बरेच काही असते, पण ते सगळे त्या सहीच्या आधी सोपे होते आणि सहीनंतर अवघड झालेले असते.

प्रकार सगळीकडे सारखाच घडतो. कारखाना असो, बँक असो, सॉफ्टवेअर कंपनी असो की रुग्णालय. अचानक फोन येतो, ‘पाच मिनिटं मीटिंग रूममध्ये या.’ कशासाठी ते सांगत नाहीत. आत दोघे-तिघे बसलेले असतात आणि ज्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केले तो वरिष्ठ नजर देत नाही. मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात. मग दोन पर्याय पुढे येतात. आत्ता राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे प्रमाणपत्र आणि वर थोडे पैसे. नाही दिलात तर टर्मिनेशन, आणि उद्या नव्या कंपनीने चौकशीला फोन केला तर ‘आम्हाला खरं ते सांगावं लागेल’. विचार करायला वेळ मागितला की ‘ही ऑफर या खोलीतून बाहेर पडेपर्यंतच आहे’. घरी विचारून सांगतो म्हटले की ‘नंतर सांगा घरी’. मजकूर आधीच तयार असतो. हल्ली तर त्याच्याच लॉगिनमधून पोर्टलवर राजीनाम्याचे बटण दाबायला लावतात आणि कारणांच्या यादीतून ‘वैयक्तिक’ निवडायला सांगतात. तो खोलीतून बाहेर येतो तोवर त्याचा ईमेल बंद झालेला असतो. त्याच्या कामाची पोचपावती देणारी पत्रे, वरिष्ठांचे शाबासकीचे निरोप, त्याने केलेल्या तक्रारी, सगळे त्या बंद मेलबॉक्समध्ये राहते.

खोलीत कोणी आवाज चढवलेला नसतो. पाण्याचा ग्लासही पुढे केलेला असतो. म्हणूनच बाहेर आल्यावर त्याला स्वतःचाच राग येतो, की आपण नाही का म्हणालो नाही. माझ्यासमोर बसून हेच सांगणाऱ्यांना मी एवढेच म्हणते की ती वेळ, ती जागा, ते कागद आणि ती घाई आधीच ठरलेली होती. एकट्या माणसाला तिथे ‘नाही’ म्हणता येऊ नये, अशीच ती मांडणी असते.

आता कायद्याकडे वळू. नोकरीवरून काढण्याबाबत जागतिक पातळीवर आखलेली चौकट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या करारात आहे, क्रमांक १५८. योग्य कारणाशिवाय कोणालाही काढायचे नाही. कारण एकतर त्याच्या कामाशी वा वागणुकीशी जोडलेले असावे, नाहीतर संस्थेच्या गरजेशी. कामगार संघटनेचा सभासद असणे, मालकाविरुद्ध तक्रार करणे, गरोदरपण, बाळंतपणाची रजा ही कारणे चालणार नाहीत. आजारपणामुळे तात्पुरते गैरहजर राहणे हेही कारण नाही. वागणुकीचा किंवा कामाचा ठपका असेल तर आधी बाजू मांडायची संधी द्यायची. निर्णय पटला नाही तर निःपक्ष यंत्रणेकडे दाद मागता येईल, आणि काढण्याचे कारण खरे होते हे सिद्ध करण्याचे ओझे एकट्या कामगाराच्या डोक्यावर टाकायचे नाही. या कराराला जेमतेम पस्तीसेक देशांनी मान्यता दिली आहे. भारताने दिलेली नाही, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेनेही नाही. तरीही ही तत्त्वे कमीअधिक प्रमाणात पुष्कळ देशांच्या कायद्यात आणि न्यायालयांच्या निकालांत सापडतात.

या साऱ्या संरक्षणाला एक अट मात्र आहे. सेवा संपवण्याचा पुढाकार मालकाचा असला पाहिजे. करारच तसे म्हणतो. राजीनाम्यात पुढाकार कागदोपत्री कामगाराचा होतो, आणि त्या क्षणी कारण द्यायची गरज संपते, चौकशीची गरज संपते, नोटीस संपते, नुकसानभरपाई संपते. ज्या देशांत बेकारी भत्ता आहे, तिथे स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला तो बहुधा मिळत नाही किंवा उशिरा मिळतो. कारण सिद्ध करण्याचे ओझेही उलटे फिरते. आता कामगाराने दाखवायचे की माझी सही माझ्या मर्जीची नव्हती, आणि खोलीतले साक्षीदार सगळे तुमच्या बाजूचे.

भारताचे उदाहरण घ्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची व्याख्या फार व्यापक होती. शिस्तभंगाची शिक्षा सोडून इतर कोणत्याही कारणाने मालकाने सेवा संपवली तर ती कपात. मग एक महिन्याची नोटीस, सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार आणि सरकारला कळवणे आले. मात्र त्याच व्याख्येने स्वेच्छानिवृत्ती वगळली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही चौकट ठेवली आणि कपातीसाठी आधी सरकारी परवानगी लागणाऱ्या कारखान्यांची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. म्हणजे ज्यांना परवानगी लागणार नाही असे कारखाने वाढले. जिथे ती अजून लागते, तिथेही एकेकाला खोलीत बोलावून राजीनामे घेतले की कागदावर कपात झालेलीच नसते.

मोठ्या संख्येने माणसे कमी करायची असतील तर ही वाट जास्तच मोह घालते, कारण सामूहिक कपातीत प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते, सरकारला आकडा द्यावा लागतो. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये स्पेनमधल्या एका प्रकरणात हा मोह ओळखला. मालकाने एका महिलेचा पगार परस्पर मोठ्या प्रमाणात कमी केला आणि तिने त्यामुळे नोकरी सोडली. न्यायालयाने सांगितले, तिने करार संपवायला सांगितला असला तरी ही सेवासमाप्ती मालकाच्या कृतीतून आलेली आहे, तेव्हा तिला सामूहिक कपातीच्या संख्येत मोजा. निकालाचे सार मला फार महत्त्वाचे वाटते. सही कोणाची आहे यापेक्षा सही करण्याची पाळी कोणी आणली हे बघायचे.

फ्रान्समध्ये काय झाले ते तर तुमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. प्रशिक्षणात ते शिकवले जात नसेल तर जावे. फ्रान्स टेलिकॉम ही पूर्वीची सरकारी दूरसंचार कंपनी. खासगीकरणानंतरही तिचे बहुसंख्य कर्मचारी सरकारी सेवेच्या दर्जाचे होते, त्यांना सहजी काढता येत नव्हते. २००६ ते २००८ या तीन वर्षांत २२,००० लोकांनी कंपनी सोडावी असे ठरले. काढता येत नाही, तेव्हा त्यांनीच जावे. कंपनीचे प्रमुख दिदिए लोंबार यांनी २००६ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीत सांगितले की हे लोक मी या ना त्या मार्गाने बाहेर काढीन, खिडकीतून किंवा दारातून. मग बदल्या सुरू झाल्या, कामे काढून घेतली गेली, माणसांना नव्या जागी नव्या कामावर पुन्हा पुन्हा टाकले गेले. हाताखालच्यांना जायला कसे तयार करायचे याचे प्रशिक्षण व्यवस्थापकांना दिले, त्यात जवळचे माणूस गेल्यावर दुःख कोणत्या टप्प्यांनी ओसरते याचा आलेख दाखवत. अनेकांनी जीव दिला. पॅरिसच्या न्यायालयाने ३९ जणांची प्रकरणे तपासली : १९ आत्महत्या, १२ आत्महत्येचे प्रयत्न, ८ जण नैराश्याने आजारी. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनी आणि तिचे माजी प्रमुख संस्थात्मक छळासाठी दोषी ठरले. कंपनीला ७५,००० युरो दंड झाला, कायद्याने तेव्हा जास्तीत जास्त तेवढाच होऊ शकत होता. लोंबार यांना झालेली कैद अपिलात पूर्णपणे स्थगित झाली, पण दोष कायम राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

२०१९ मध्ये दोषी ठरलेल्यांत कंपनीचे मनुष्यबळ प्रमुखही होते. मी कोणाला धमकी देण्यासाठी हे लिहीत नाही. ‘आम्ही फक्त वरून आलेला निर्णय राबवतो’ हे वाक्य मी तुमच्यापैकी अनेकांकडून ऐकले आहे, आणि ते बोलताना तुमच्या चेहऱ्यावरचा शीणही पाहिला आहे. पण माणसांनी स्वतःहून निघून जावे म्हणून त्यांचे काम असह्य करायचे, हा निर्णय राबवणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, असे एका देशाच्या न्यायालयाने सांगितले आहे.

बायकांच्या बाबतीत हे सगळे आणखी वाईट असते. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या एका बाईंना पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले की तुमची जागा आता राहिलेली नाही, पण तुम्हालाही बाळाकडे लक्ष द्यायचेच असेल, तेव्हा राजीनाम्यात तसे लिहा, छान दिसेल. त्यांनी लिहिले. कारण खोटे होते आणि अक्षर त्यांचे होते. आता कोणी विचारले की त्यांना गरोदरपणामुळे काढले का, तर कागद म्हणतो, नाही, त्यांनी बाळासाठी नोकरी सोडली. त्या बाईंना नोकरीची गरज होती आणि बाळ सांभाळायला घरी माणसेही होती. त्यांना कोणी हे विचारलेच नाही.

इटलीत यावर वर्षानुवर्षे भांडण झाले. तिथे नोकरीवर घेतानाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवायची प्रथा होती. बाई गरोदर राहिली किंवा कोणी लांब आजारी पडले की वर तारीख टाकायची. २००७ मध्ये याविरुद्ध कायदा झाला, राजीनामा केवळ क्रमांक असलेल्या सरकारी नमुन्यावरच चालेल असा. सरकार बदलले आणि २००८ मध्ये तो रद्द झाला. शेवटी १२ मार्च २०१६ पासून तिथे राजीनामा कामगार मंत्रालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतूनच द्यावा लागतो आणि दिल्यानंतर सात दिवसांत मागे घेता येतो. गरोदर बाईचा आणि मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांचा राजीनामा तर कामगार निरीक्षकांनी पडताळल्याशिवाय लागूच होत नाही. निरीक्षक त्या बाईशी बोलतो आणि खात्री करून घेतो की ती खरोखरच जात आहे. मला ही व्यवस्था फार आवडते. त्यात कोणाचे फारसे काही जात नाही. खरोखर सोडणारा सात दिवसांनीही सोडतोच.

इतरांनी काढलेल्या वाटाही आहेत. स्पेनमध्ये नोकरी संपतानाच्या हिशेबाच्या कागदावर सही करताना कामगार आपल्या प्रतिनिधीला शेजारी बसवू शकतो आणि तो हजर होता की नाही हे त्याच कागदावर लिहावे लागते. मालकाने अडवले तर तेही लिहिता येते. ब्रिटनमध्ये तडजोडीच्या करारात कामगार आपले कायदेशीर दावे सोडणार असेल तर त्याने स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतलेला असावाच लागतो, एरवी तो करार बंधनकारक नाही, आणि विचार करायला किमान दहा दिवस द्यावेत असे तिथल्या सरकारी तडजोड मंडळाची संहिता सांगते. सल्लागाराची फी बहुधा मालकच देतो. ‘राजीनामा दे, नाहीतर काढतो’ असे म्हणून घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणेच, हे तिथल्या न्यायालयाने १९७२ मध्येच म्हणून ठेवले आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक कारण न देता काढू शकतो, तरीही चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याला वयाच्या भेदभावाचा दावा सोडायला लावायचा असेल तर १९९० च्या कायद्याने २१ दिवस विचाराला द्यावे लागतात, एकाच वेळी अनेकांना काढत असतील तर ४५, आणि सहीनंतर आणखी ७ दिवस माघार घेता येते. जिथे मालकाचे हात सर्वांत मोकळे, तिथेही एवढा वेळ देता येतो. मग ‘खोलीतून बाहेर पडेपर्यंत’ ही मुदत कुठून आली?

जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये एका शाळेच्या प्रकरणात शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांनी स्पष्ट नकार दिल्यावरही त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून निवृत्त व्हा म्हणून गळ घातली जात होती. विचारणे बेकायदा नाही, नकारानंतरचा असा पिच्छा बेकायदा आहे, असा त्याचा अर्थ. जर्मनीत २०१९ मध्ये सफाईचे काम करणाऱ्या एका बाईचे प्रकरण सर्वोच्च कामगार न्यायालयापुढे आले. आपण आजारी होतो आणि मालकाच्या बाजूच्या माणसाने घरी येऊन नोकरी संपवण्याच्या करारावर सही घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालय म्हणाले, समोरच्याच्या दुबळ्या अवस्थेचा फायदा घेऊन करार करून घेतला असेल तर वाटाघाट न्याय्य नव्हती आणि करार टिकणार नाही. तसे घडले का ते खालच्या न्यायालयाने तपासावे. मात्र याच न्यायालयाने २०२२ मध्ये दुसऱ्या प्रकरणात असेही सांगितले की प्रस्तावावर लगेच उत्तर मागणे एवढ्यानेच वाटाघाट अन्याय्य ठरत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर न्यायालये या बाबतीत कामगाराच्या बाजूने नेहमी उभी राहतात असे नाही. सही केलेल्या सज्ञान माणसाला त्याच्या सहीने बांधून ठेवणे हा कायद्याचा जुना स्वभाव आहे. त्या खोलीत न्यायाधीश नसतो आणि तिथली घाई पुढे कागदावर दिसत नाही. म्हणूनच मी तुमच्याकडे आले आहे.

तुमची बाजू मला माहीत आहे आणि तिच्यातला खरेपणा मी नाकारत नाही. तुम्ही म्हणाल, टर्मिनेशनचा शिक्का बसण्यापेक्षा राजीनामा त्याच्याच भल्याचा आहे. काही वेळा असतोही. पण तो शिक्का वाईट का ठरतो याचा विचार करा. काढलेल्या माणसाला ‘जागा रद्द झाली’ असे साधे, खरे पत्र देण्यात अडचण काय आहे? खर्च कमी करायचा म्हणून माणसे काढली जातात आणि त्यांच्या कामात मात्र अचानक दोष दिसू लागतात. ज्याला गेल्या वर्षी पगारवाढ दिली त्याला यंदा पीआयपीवर, म्हणजे ‘ठरल्या मुदतीत काम सुधारा’ अशा योजनेवर टाकता आणि साठ दिवसांत गाठता येणार नाही असे लक्ष्य देता. शिक्क्याची भीती दाखवणाराही शिक्का मारणाराच असतो. भल्याचीच गोष्ट असेल तर ती माणसाला घरी नेऊन, बायकोला किंवा नवऱ्याला, जाणत्या मित्राला दाखवूनही भल्याचीच राहील.

कुणी म्हणेल, काही कर्मचारी खरोखरच कामचुकार असतात, काहींनी पैशांचा घोळ केलेला असतो. मान्य. मग आरोपपत्र द्या, चौकशी करा, त्याला बोलू द्या आणि आरोप सिद्ध झाला तर काढा. चौकशीला वेळ लागतो हे खरे, पण चौकशी टाळून घेतलेल्या राजीनाम्याने दोन्हीकडून नुकसान होते. निर्दोष माणूस कायमचा संशयात राहतो आणि दोषी माणूस स्वच्छ प्रमाणपत्र घेऊन पुढच्या कंपनीत जातो. संमतीने वेगळे होणे यालाही माझा विरोध नाही. दोन्ही बाजूंना जमत नसेल तर सन्मानाने, योग्य रक्कम देऊन वेगळे व्हावे. पण ज्याला पर्याय, वेळ आणि सल्ला यांतले काहीच दिले नाही त्याच्या होकाराला संमती म्हणू नका.

आणखी एक वाईट सवय, हिशेब अडवून ठेवण्याची. ‘आधी सही, मग फुल अँड फायनल.’ राहिलेला पगार ही त्या माणसाने केलेल्या कामाची मजुरी आहे, ती कशाच्याही बदल्यात देण्याची वस्तू नव्हे. भारतात वेतन संहिता आता स्पष्ट सांगते की काढले, कपात केली किंवा राजीनामा दिला, काहीही झाले तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे. अनुभवाचे प्रमाणपत्रही तसेच; त्याने तिथे काम केले ही घडलेली गोष्ट आहे, ती लिहून देण्यासाठी त्याच्याकडून काही मागायचे कारण नाही.

तुमच्यातल्या तरुणांना मुद्दाम सांगते. तुम्हीही पगारी माणसे आहात. कपातीची यादी पूर्ण झाल्यावर अनेकदा ती बनवणाऱ्या विभागाचीच पाळी येते, आणि त्यांतले काही माझ्याकडेही आले आहेत. समोर ठेवलेला मजकूर त्यांनीच कधीतरी तयार केलेला होता, तरी त्यांनाही नाही म्हणता आले नाही.

मग करायचे काय? माझे मागणे साधे आहे. सेवासमाप्तीची बोलणी करायची असतील तर माणसाला आधी लेखी कळवा की बैठक कशाबद्दल आहे, आणि त्याला सहकारी किंवा प्रतिनिधी सोबत आणू द्या. त्या बैठकीत कोणत्याही कागदावर सही घेऊ नका, त्याने स्वतःहून करतो म्हटले तरी घेऊ नका. मसुदा त्याच्या हातात देऊन घरी पाठवा आणि किमान सात दिवस द्या. इटलीत एवढे दिवस सही झाल्यावर मिळतात, तुम्ही आधी द्या. त्या काळात त्याचा ईमेल वाचण्यापुरता तरी सुरू राहू दे. कंपनीच्या गोपनीय माहितीची काळजी असेल तर तुमच्या देखरेखीखाली त्याला त्याचे मूल्यमापन, पगारपत्रके आणि तक्रारींच्या प्रती घेऊ द्या. राजीनाम्याचे शब्द त्याचे त्याला लिहू द्या, कारणही त्याला वाटेल ते. ‘कंपनीने सांगितले म्हणून’ असे त्याने लिहिले आणि ते खरे असेल, तर ते स्वीकारा. गरोदर, रजेवर किंवा आजारी असलेल्या कर्मचाऱ्याशी अशी बोलणी काढूच नका. आणि एकदा त्याने नाही म्हटले की तो नकार नोंदवून थांबा.

हे पत्र ज्यांच्या हाती कर्मचारी म्हणून पडेल, त्यांच्यासाठी एवढेच. त्या खोलीत ‘मला वाचायला घरी न्यायचे आहे’ हे एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहा, भांडू नका. प्रत मागा. सही होऊनच गेली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवरून लेखी कळवा की सही दबावाखाली झाली आणि तुम्ही राजीनामा मागे घेत आहात. खोलीत कोण होते, काय बोलले गेले, किती वेळ लागला ते आठवते तसे लिहून ठेवा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस ती लागू होण्याच्या तारखेआधी मागे घेता येते असे मान्य केले होते. खासगी नोकरीत कराराच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेव्हा जाणकाराला लगेच भेटा. सहा महिन्यांनी सांगितलेल्या दबावावर विश्वास बसणे फार कठीण जाते, दुसऱ्या दिवशीच्या ईमेलला वजन असते.

एचआरमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातल्या काहींनी असे राजीनामे घ्यायला नकार दिला आहे हे मला माहीत आहे. त्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. एकट्याने नकार देणे अवघड असते, म्हणून तुमच्या विभागाने हे धोरण म्हणून लिहून काढावे, वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यावे आणि नेमणुकीच्या पत्रासोबत प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यावे. ज्या कंपन्या ते करतील त्यांनी त्याची एक प्रत मलाही पाठवावी. माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी ती दाखवीन आणि त्यांना सांगेन की नोकरी शोधताना आधी इथे अर्ज करा.

आपली,
कामगारांचे अर्ज लिहून देणारी एक कार्यकर्ती